तिथे सगळं मिळतं!

"आई, कशाला एवढं ओझं? तिथे सगळं मिळतं."

हे वाक्य आमच्या घरात गेल्या दहा वर्षांत इतक्यांदा बोललं गेलंय की, आता सुविचार म्हणून फळ्यावर लिहायला हरकत नाही. लग्नाला निघा, देवदर्शनाला निघा, दवाखान्यात कुणाला भेटायला निघा, मी पिशवी काढली की चिरंजीवांचं हे वाक्य आलंच. मागोमाग नातवाची पुरवणी, "आज्जी, तू पण ना!"

तर मंडळी, आज या वाक्यावरच लिहायचं ठरवलंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथूनच परत फिरता येईल. तिथे सगळं मिळत नाही. तिथे जे विकायला ठेवलंय ते मिळतं. आपल्याला जे लागतं ते आपणच न्यायचं असतं, आणि ते नेऊ न देणं हा नियम नसून अडवणूक आहे.

झालं असं. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं साताऱ्याहून पुण्याला मुलाकडे गेलो होतो. नातवंडांना सुट्टी. नात तेरा वर्षांची, नातू नऊ वर्षांचा. त्यांच्या हट्टापायी एका मोठ्या थीम पार्कात जायचं ठरलं. पार्काचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझं भांडण एका पार्काशी नाही, नियमाशी आहे, आणि तो नियम आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सारखाच.

आदल्या रात्री मी पिशवी भरायला घेतली. पिशवी भरणं ही माझी जुनी विद्या आहे हो! तेहेतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, आणि जवळजवळ दर वर्षी सहलीच्या सामानाचं खातं माझ्याकडे. प्रासंगिक करारावर एसटीची लाल गाडी ठरवायची, पंचावन्न मुलं, चार शिक्षक, आणि रायगड नाहीतर प्रतापगड. तेव्हा कोणी "तिथे सगळं मिळतं" म्हणत नव्हतं, कारण तिथे काहीच मिळत नसे. झाकणाची मोठी पिंपं पाण्याने भरून मागच्या सीटखाली. उलटी लागणाऱ्या मुलांसाठी लिंबं, आवळासुपारी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, शाळा आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि पुढे दर वर्षी मुलं विचारायची, "बाई, या वर्षी तिकडे नेता का?" आम्ही काही नेलं नाही. खर्च परवडण्यासारखा नव्हता. असो.

तर त्या रात्रीची पिशवी. दशम्या, लसणीची चटणी, तिखटामिठाच्या पुऱ्या, सांगलीचं भडंग, नातवासाठी दहीभात, चार केळी, खजूर. पाण्याच्या स्टीलच्या तीन बाटल्या. टोप्या, पंचा, दोन्ही मुलांचे कपड्यांचे जादा जोड, ओल्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी. सेफ्टीपिना, चिकटपट्ट्या, अमृतांजन, ओआरएसची पाकिटं. (ती नसली तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे मी वर्गातही शिकवलेलं आहे.) आणि एका वेगळ्या छोट्या पिशवीत आमच्या ह्यांचं सामान.

ह्यांचं सामान म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वीस वर्षांपासून मधुमेह. सकाळी नाश्त्याबरोबर साखर कमी करणारी गोळी. ही गोळी पोटात गेली की मग खाण्याच्या वेळा चुकवून चालत नाहीत. अकरा वाजता काहीतरी तोंडात टाकायचं आणि साडेबाराला जेवायचं, हे आमच्या घरात देवपूजेपेक्षा काटेकोर पाळलं जातं. साखर वाढते याची सगळ्यांना माहिती असते. ती एकदम उतरते आणि ते जास्त घाईचं दुखणं असतं, हे ज्याच्या घरी झालंय त्यालाच कळतं. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडचिडा होतो, मग बरळायला लागतो. आमच्या डॉक्टरांनी शिकवलेला हिशोब सोपा आहे. मापन सत्तरच्या खाली आलं की पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, लगेच तोंडात. पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. म्हणून त्या छोट्या पिशवीत साखर मोजायचं यंत्र, गोळ्या, खडीसाखरेची पुडी, खाकरे, आणि गोळ्यांच्याच एका जुन्या डबीत आलेपाकाच्या वड्या. यांना खोकल्याची ढास लागते म्हणून मी त्या नेहमी ठेवते.

सकाळी सातला नाश्ता आणि गोळी झाली, साडेसातला निघालो, दहाला पार्काच्या दारात.

दारात टेबल. टेबलामागे निळ्या गणवेशातला एक तरुण मुलगा, फार तर बावीस-तेवीसचा. त्याने माझी पिशवी उघडली आणि एकेक डबा बाहेर काढून मांडायला सुरुवात केली. मागे रांग. रांगेतली माणसं बघतायत. चोरीचा माल मांडावा तशा माझ्या दशम्या टेबलावर!

"आज्जी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"अरे बाळा, हे बाहेरचं नाही, घरचं आहे."

रांगेतले दोघंतिघं हसले. तो नाही हसला. त्याला बिचाऱ्याला दिवसभरात असले विनोद ऐकून कंटाळा आला असेल. "नियम आहे आज्जी. गाडीत ठेवून या."

मी ह्यांचा मधुमेह सांगितला. तो म्हणाला, "औषधं चालतील. खाणं नाही." खाकरे गेले, खडीसाखर गेली. केळीसुद्धा गेली! मग त्याने गोळ्यांची ती डबी उघडली. "हे काय?" मी म्हटलं, "औषध." तेहेतीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि सत्तरी उलटल्यावर आलेपाकाला औषध म्हणून आत नेलं.

त्यानंतर जे झालं ते मात्र मला अजून विसरता येत नाही. बाटल्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "पाणी इथे ओता. रिकामी बाटली चालेल, आत भरून घ्या."

मी माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात मी एकवीस वर्षांची होते. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरलेलं आहे. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांच्या पदरात सुकडी बांधलेली पाहिली आहे. आणि मे महिन्याच्या उन्हात, टेबलाशेजारच्या मातीत, मी तीन बाटल्या चांगलं पाणी ओतलं. माती दोन मिनिटांत कोरडी झाली. मुलगा म्हणाला, "आई, सोड ना, आत मिळतं." मी काही बोलले नाही. पण त्या घटकेला माझ्या मनात हा लेख लिहून झाला होता.

आत गेल्यावर नातवंडं खूश, ते खरं. पाळणे मोठे होते, मजा होती, मी ती नाकारत नाही. अकरा वाजता आम्ही कुठल्याशा राइडच्या रांगेत होतो. बाराला दुसऱ्या रांगेत. हे म्हणाले, "मला काही होत नाहीये, पोरांचा हिरमोड नको." सव्वाबाराला मुलगा जेवण आणायला गेला. तिथली पद्धत अशी की आधी एका खिडकीवर कार्डात पैसे भरायचे, मग दुसरीकडे कुपन, मग तिसरीकडे ताट. सूनबाई मुलांना घेऊन राइडला. हे आणि मी एका सिमेंटच्या गुहेच्या सावलीत कट्ट्यावर बसलो.

एकच्या सुमारास हे म्हणाले, "तू मला इथे का आणलंस?" आवाज नेहमीचा नव्हता. बघते तर मानेवर घाम, आणि गुडघ्यावरचा हात थरथरतोय. यंत्र काढलं, बोट टोचलं. अठ्ठावन्न!

समोर वीस पावलांवर थंड पेयांचा गाडा होता. माझ्या पाकिटात रोख पैसे होते. गाड्यावर पाटी होती, फक्त कार्ड. कार्ड मुलाकडे, मुलगा तिसऱ्या खिडकीच्या रांगेत, आणि फोन उचलत नाही. मी हात जोडले असते तर गाड्यावरच्या पोराने एक बाटली दिलीही असती, माणसं वाईट नसतात. पण ह्यांना एकटं सोडून उठायची माझी हिंमत झाली नाही. मी ती डबी काढली आणि आलेपाकाच्या चार वड्या ह्यांना चावायला लावल्या. पंधरा मिनिटांनी एक्क्याण्णव. पावणेदोनला मुलगा ताटं घेऊन आला. पाच माणसांचे एक हजार आठशे चाळीस रुपये, आणि पोळी म्हणून जे होतं ते मैद्याचं. हे निमूटपणे जेवले. मुलाला सगळं सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. तो काही वाईट नाही हो. पण त्याचं ते वाक्य त्या दिवशी दुपारी एक वाजता खोटं ठरलं. तिथे साखरसुद्धा मिळाली नाही.

आता पार्कवाल्यांची बाजू बघू. इतिहास शिकवताना दोन्ही बाजू मांडायची सवय आहे, ती इथेही सोडत नाही.

पहिलं म्हणणं कचऱ्याचं. लोक बाहेरचं खाणं आणतात आणि घाण करतात. बरं. मी त्या दिवशी संध्याकाळी निघताना आजूबाजूला नीट पाहिलं. जमिनीवर कागदी ग्लास, आइस्क्रीमच्या काड्या, चिप्सची पाकिटं, केचपच्या पुड्या. सगळं आतच विकलेलं. माझे डबे स्टीलचे. ते कुणी फेकत नाही, उलट एक झाकण राहिलं तर बाई परत जाऊन शोधते!

दुसरं सुरक्षिततेचं. डब्यात काय असेल सांगता येत नाही म्हणे. डबा उघडून पाहता येतो की. त्या मुलाने पाहिलाच. दशमी दिसली तरी ती आत गेली नाही, म्हणजे प्रश्न सुरक्षिततेचा नव्हताच.

तिसरं कोर्टाचं. हे जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण माझ्या मुलानेही घरी हेच पुढे केलं. २०१८ साली आपल्याकडे मल्टिप्लेक्समधल्या खाण्यावरून बराच गदारोळ झाला होता. जुलैत नागपूरच्या अधिवेशनात मंत्री म्हणाले, लोकांना आपलं खाणं नेता येईल. ऑगस्टमध्ये सरकारनेच हायकोर्टात उलटी बाजू घेतली. त्याच वर्षी जम्मू-काश्मीरच्या हायकोर्टाने, थिएटरवाल्यांनी प्रेक्षकांना अडवू नये असा निकाल दिला होता. सुप्रीम कोर्टाने ३ जानेवारी २०२३ ला तो फिरवला. थिएटर खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं येऊ द्यायचं की नाही हे मालक ठरवू शकतो. जिलबी खाऊन कुणी खुर्चीला हात पुसले तर काय, असंही तेव्हा विचारलं गेलं. पण त्याच निकालात आणखी दोन गोष्टी आहेत, त्या आमचे चिरंजीव सोयीस्कर विसरले. थिएटरात पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या मुलासाठी आईबापांना बेताचं खाणं नेता आलं पाहिजे.

कोर्टाचा मान ठेवून मी एवढंच विचारते, की सिनेमा किती वेळाचा? तीन तासांचा. तीन तास न खाता कुणीही बसू शकतं. आणि पार्क? सकाळी दहा ते संध्याकाळी सात. नऊ तास, उन्हात, चालत. शिवाय एकदा आत गेलं की जेवायला बाहेर जाऊन परत येता येत नाही, तिकीट पुन्हा काढा. त्या नऊ तासांत जेवण ही चैन होत नाही, ती गरज होते. माणसाला दिवसभर कुंपणाच्या आत ठेवायचं आणि त्याची शिदोरी दारात काढून घ्यायची, मग आपल्या भावाने विकायचं. याला तुम्ही व्यवसाय म्हणा, आमच्या गावाकडे याला वेगळा शब्द आहे. आणि कोर्टाने तान्ह्या बाळाची गरज ओळखली ती एवढ्याचसाठी ना, की ते भूक पुढे ढकलू शकत नाही? गोळी घेतलेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूसही ढकलू शकत नाही. पथ्याचं जेवण असणारा नाही, गरोदर बाई नाही.

चौथं म्हणणं, "नियम माहीत असतो, मग जाता कशाला?" हे सगळ्यात लबाड. आम्ही तिकिटं काढली तेव्हा पडद्यावर राइडची चित्रं मोठी होती. खाण्याचा नियम तळाशी, मुंगीच्या अक्षरांत. आणि नातवंडांच्या आनंदाची किंमत म्हणून आजोबांच्या तब्येतीचा सौदा करा, असं तर कुठल्याच अक्षरांत लिहिलेलं नव्हतं.

"सगळ्या जगात हेच आहे," असंही मला ऐकवलं गेलं. नाही हो, सगळ्या जगात हे नाही. २०१७ साली लेकीकडे आइंडहोवनला गेले होते, तेव्हा तिने आम्हाला एफ्टेलिंगला नेलं. नेदरलँड्समधलं १९५२ पासूनचं पार्क, परीकथांचं जंगल असलेलं. दारात माझी छाती धडधडत होती, कारण पिशवीत मेथीचे ठेपले होते. कुणी हात लावला नाही! आत बाकांवर डच कुटुंबंच्या कुटुंबं ब्रेड-चीजचे डबे उघडून बसलेली. आणि कचरा? तिथे तोंड उघडून बसलेल्या लठ्ठ माणसाच्या आकाराच्या कचरापेट्या आहेत, त्या "कागद इकडे" म्हणून हाका मारतात. पोरं त्याच्या तोंडात कागद टाकायला मिळावा म्हणून जमिनीवर कागद शोधत फिरत होती. कचऱ्याला उपाय असा असतो. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांतही घरचं खाणं नेता येतं, काचेच्या बाटल्या आणि दारू तेवढी नको. टोकियोच्या डिस्नेत घरचा डबा चालत नाही, हेही सांगते. पण तिथे दाराबाहेर डबा खायला नीट जागा केलेली आहे. ज्याच्या जिवावर जगभर पार्कं उभी राहिली त्या डिस्नेचं माझ्या दशमीने दिवाळं निघत नाही, मग यांचंच का निघावं?

इथवर लिहून मी लेख संपवणार होते. पण एक बाजू राहते, आणि ती माझ्या विरुद्धची आहे.

त्या दिवशी संध्याकाळी सातला बाहेर आलो. भुका लागल्या होत्या. पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या दाराशी सतरंजी टाकली आणि डबे उघडले. दहीभात उघडताच आंबूस वास. दिवसभर तापलेल्या गाडीत दुसरं काय होणार? केळी काळी पडलेली. पण दशम्या, पुऱ्या आणि चटणी जशीच्या तशी. मुलं तुटून पडली. जिने सकाळी माझ्या पिशवीची लाज वाटून दहा पावलं लांब उभं राहणं पसंत केलं होतं, त्या नातीने तीन दशम्या खाल्ल्या. मी विजयी मुद्रेने सूनबाईंकडे पाहिलं.

ती दहीभाताचा डबा नळाखाली धूत होती. तिथूनच म्हणाली, "आई, तुमचं पार्कवाल्यांशी भांडण मला शंभर टक्के पटतं. पण पहाटे चारला दशम्या करायला कोण उठलं? तुम्ही आणि मी. आत्ता डबे कोण धुतंय? हे 'तिथे सगळं मिळतं' म्हणतात तो त्यांचा आळस असेल. पण माझ्या तोंडी त्याचा अर्थ सुट्टी असा आहे."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. शाळेच्या सहली आठवल्या. पुरुष शिक्षक पुढच्या सीटवर ड्रायव्हरशी गप्पा मारत, आणि मागे आम्ही दोघी बाई, उलट्या, पिंपं आणि पिशव्या. तेव्हा मला ते ओझं कधी ओझं वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आलेय. ते खरं नाही. वाटत होतं. पण ते बोलायची पद्धत नव्हती. पिशवीचं कौतुक करताना ती कुणाच्या खांद्यावर आहे हे मी पाहिलंच नव्हतं, कारण खांदा माझाच होता.

तेव्हा सूनबाईंचं हे म्हणणं मी मान्य करते. सुट्टी तिला हवीच. पण पार्कने ती तिला दिली नव्हती, एक हजार आठशे चाळीस रुपयांना विकली होती, आणि त्यात सासऱ्यांची साखर अठ्ठावन्नवर आली होती. खरी सुट्टी घरातून मिळायला हवी. पिशवी टाकून देणं हा त्यावरचा इलाज नव्हे. पिशवी वाटून घेणं हा इलाज. आता आमच्याकडे सामानाची यादी करताना प्रत्येक वस्तूसमोर नाव लिहितात. दिवाळीच्या सुट्टीत प्रतापगडला गेलो तेव्हा पाणी आणि टोप्या नातीकडे, औषधं ह्यांची ह्यांच्याकडे, आणि तिखटामिठाच्या पुऱ्या चिरंजीवांकडे. पुऱ्या अफजलखानाच्या अंगावर फेकून माराव्यात इतक्या टणक झाल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्या. कुणीही "तिथे सगळं मिळतं" म्हणालं नाही.

राहिलं पार्कवाल्यांकडे मागणं. ते फार मोठं नाही. एक, भरलेली पाण्याची बाटली आत येऊ द्या, उन्हाळ्यात कुणाला पाणी ओतायला लावू नका. दोन, लहान मुलं, म्हातारी माणसं, मधुमेही, पथ्यवाले, गरोदर बायका यांचं खाणं चिठ्ठ्याचपाट्या न मागता सोडा. तीन, इतरांचा कोरडा खाऊ आत नको असेल तर दाराबाहेर सावलीत डबा खायला जागा करा आणि हातावर शिक्का मारून परत आत घ्या. चार, हा नियम तिकीट काढायच्या आधी दिसेल अशा अक्षरांत लिहा. यातल्या कशानेही तुमचा धंदा बुडत नाही. दशमी खाऊनही नातू आइस्क्रीम मागतोच, हा माझा अनुभव आहे.

आणि आपल्या माणसांकडेही एक मागणं. काल्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. सगळ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, तो काला. शिदोरीची लाज वाटायला लागली तर ती गोष्ट आपण कुठल्या तोंडाने सांगणार? दारात तुमचे डबे काढायला लावले तर निदान विचारा, का? मोठ्याने विचारा. मागच्या रांगेत कुणाचा तरी नवरा, कुणाचे तरी वडील गोळी घेऊन उभे असतात. मी त्या दिवशी मोठ्याने विचारलं नाही, विनोद केला आणि गप्प बसले. ते चुकलंच.

त्या टेबलामागच्या मुलाबद्दल मात्र माझ्या मनात राग नाही. संध्याकाळी निघताना तो दिसला. टेबलाखाली त्याचा स्वतःचा डबा होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. भाकरी आणि कसलीशी सुकी भाजी. सात वाजले होते आणि तो आत्ता कुठे जेवायला बसला होता. मी त्याला दोन दशम्या दिल्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि घेतल्या.

असो. फार लिहिलं. तुमचे अनुभव जरूर कळवा. वाद घालायचा असेल तर तोही घाला, मी रिकामीच असते.

ता. क. : लेकीने फोनवर विचारलंय म्हणून दशम्यांबद्दल. कणीक भिजवताना पाण्याचा थेंबही नको, फक्त दूध. गोड हव्या असतील तर दुधात गूळ विरघळवून घ्यायचा. चवीला मीठ, थोडं तूप. मंद आचेवर भाजायच्या आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावायचा नाही, नाहीतर वाफ धरते. आणि आधी घरात विचारायचं, लाटणार कोण आणि भाजणार कोण!